धुण्याचें यंत्र

घरांत एखादी नवी वस्तु आणावयाची म्हटली कीं सामान्य मनुष्य दुकानाकडे वळतो. आम्ही पुस्तकांकडे वळतों. गेलीं एकतीस वर्षें लातूर येथील एका महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत गेल्यामुळें, कोणत्याही प्रश्नाची साधकबाधक चर्चा केल्यावांचून त्याचा निकाल लावावयाचा नाहीं, असा आमचा स्वभावच बनून गेला आहे. ह्या स्वभावापायीं आमच्या घरीं फ्रीज दोन उन्हाळे उशिरां आला आणि गॅसची शेगडी निवडण्यांत एक अख्खी दिवाळी निघून गेली. म्हणून धुण्याच्या यंत्राचा प्रश्न आमच्या विचारार्थ दाखल झाला, त्या दिवशीं आमच्या गृहिणीनें जो दीर्घ सुस्कारा टाकला त्याचा अर्थ लावण्यास कोणा भाष्यकाराची गरज नव्हती.

वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं हें यंत्र केव्हांच येऊन जुनेंही झालें असेल, आणि त्यावर निबंध लिहिण्याजोगें काय आहे असें त्यांस वाटेल. तें खरेंच आहे. परंतु हें यंत्र घेतांना आमच्या हातून एक चूक घडली, आणि ती आम्हांस अशा एका व्यक्तीनें दुरुस्त करून दिली कीं जिच्याकडून दुरुस्ती घेण्याची आम्हांस संवय नव्हती. ती हकीकत सांगितल्यावांचून आमच्यानें राहवत नाहीं.

आमच्या घराच्या परसांत धुण्याचा एक काळा दगड आहे. घर बांधलें तेव्हां मातोश्रींनीं तो हट्टानें गांवाकडून आणविला. त्या दगडावर गेलीं एकोणीस वर्षें एक बाई रोज सकाळीं साडेसहा वाजतां येऊन आमचे कपडे धूत असे. तिला घरांतील सर्वजण मावशी म्हणतात. मावशीचे हात चालूं लागले म्हणजे आमची वाचनाची खोली त्या आवाजानें भरून जाई. पुढें पुढें तर तो आवाज ऐकूं आला नाहीं तरच आमचें वाचनावरचें लक्ष उडूं लागलें. गेल्या दिवाळीनंतर तो आवाज वरचेवर ऐकूं येईनासा झाला. मावशीचे गुडघे धरले होते. उकिडवें बसूं नका, असें डॉक्टरांनीं तिला सांगितलें होतें. आणि दगडावर कपडे धुवावयाचे तर उकिडवें बसण्यावांचून दुसरा मार्ग नाहीं. आठवड्यांतून एक दिवस, मग दोन दिवस, असे तिचे खाडे पडूं लागले. त्या दिवशींचें धुणें आमच्या गृहिणीच्या वांट्यास येई. ती स्वतः शाळेंत शिकविते; तिचें उजवें मनगट खडूनें आणि पोळपाट-लाटण्यानें आधींच जेरीस आलेलें. एके दिवशीं रात्रीं चादर पिळून ती आंत आली आणि म्हणाली, "अहो, आतां काय तें एकदां ठरवा."

चर्चेस आरंभ झाला. आमची कन्या पुण्यास एका संगणकाच्या कंपनींत नोकरीस आहे. तिनें दूरध्वनीवरून सांगितलें, "बाबा, आपल्याकडे अजून वॉशिंग मशीन नाही, हे मी कुणाला सांगतसुद्धा नाही." तिचें मत फोनवरून चालू-बंद करतां येणाऱ्या यंत्राकडे होतें. मातोश्रींचें वय ब्यायशीं. त्यांचा आक्षेप तात्त्विक होता. "त्या डब्याला काय कळतंय कॉलर कुठं मळली न् पाठ कुठं मळली नाही ते? तो सगळ्यांना सारखंच घुसळणार." हा आक्षेप आम्हीं त्या वेळीं हंसण्यावारी नेला. पुढें तो खराच ठरावयाचा होता.

आम्हीं रीतीप्रमाणें इतिहासापासून सुरुवात केली. मनुष्यास हें काम टाळण्याची इच्छा फार जुनी आहे. १७६७ सालीं जर्मनींतील रेगेन्सबुर्ग येथील याकोब क्रिस्टियान शेफर ह्या धर्मोपदेशकानें धुण्याच्या यंत्राची आपली रचना छापून प्रसिद्ध केली. पुढें हातानें फिरविण्याचीं पिंपें आलीं, विजेची मोटार आली, आणि १९३७ सालीं अमेरिकेंत बेंडिक्स कंपनीनें पाणी आपण भरणारें, आपण सोडणारें आणि कपडे आपणच पिळणारें घरगुती यंत्र लोकांपुढें मांडलें. सृष्टीचा अभ्यास करणाऱ्या एका धर्मोपदेशकानें प्रवचनांतून सवड काढून ह्या विषयांत डोकें घातलें, हें वाचून आम्हांस फार धीर आला.

इतिहासानंतर प्रकार. बाजारांत आज तीन जातींचीं यंत्रें मिळतात. पहिलें पुढच्या बाजूस वाटोळें दार असलेलें. त्यांतील पिंप आडवें फिरतें. कपडे पिंपाबरोबर वर जातात आणि माथ्यावरून खालच्या थोड्याशा पाण्यांत आपटतात. आपल्या घाटावरील धोपटण्याचीच ही यंत्रांत बसविलेली आवृत्ति. तळाशीं थोडें पाणी असलें तरी काम भागत असल्यामुळें एका धुण्यास साधारण पन्नास-साठ लिटर पाणी पुरतें. पाणी तापविण्याची सोय आंतच असते, आणि विजेचा मोठा भाग ह्या तापविण्यांतच खर्च होतो. गार पाण्यांत धुतलें तर वीज थोडीच लागते. दुसऱ्या जातीचें झांकण वर असतें. तींत कपडे पाण्यांत पोहावे लागतात आणि तळची चकती त्यांस घुसळते. हें धोपटणें नसून खळबळणें होय. त्यास पाणी बरेंच अधिक लागतें, पण वेळ कमी लागतो. ह्या दोन्ही यंत्रांस नळाचें पाणी दाबानें आलेलें हवें. तिसरी जात अर्धस्वयंचलित म्हणवते. तीस दोन पिंपें असतात. एकांत धुवावयाचें, मग हातानें कपडे उचलून दुसऱ्यांत टाकावयाचे आणि पिळून घ्यावयाचे. ही सर्वांत स्वस्त. आणि म्हणूनच आम्हीं तिचा विचार सर्वांत कमी केला. स्वस्त वस्तूविषयीं वाचावयासही फारसें सांपडत नाहीं.

मग यंत्राचें आकारमान. तें किलोमध्यें मोजतात आणि तें वजन कोरड्या कपड्यांचें धरतात. आमचे कपडे किती किलो भरतात हें आम्हांस ठाऊक नव्हतें. तेव्हां आम्हीं न्हाणीघरांतला वजनकांटा दिवाणखान्यांत आणला, प्रथम स्वतः उभे राहिलों, मग मळलेल्या कपड्यांचें गांठोडें छातीशीं धरून पुन्हा उभे राहिलों, आणि वजाबाकी केली. तीन माणसांचें एका दिवसाचें धुणें अडीच किलो. रविवारचें, चादरी-अभ्र्यांसह, सहा किलोंच्या घरांत. सात किलोंचें यंत्र हवें हें सिद्ध झालें. हा प्रयोग चालू असतां मावशी दारांत झाडू घेऊन उभी होती, आणि आम्ही कांट्यावरून उतरण्याची वाट पाहत होती.

लातुरांत राहणाऱ्या मनुष्यास पाण्याचा हिशेब सांगावा लागत नाहीं. मांजरा धरण आटलें म्हणजे काय होतें हें आम्हीं २०१६ सालीं पाहिलें आहे. त्या वर्षीं एप्रिल महिन्यांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. पहिल्या गाडीस दहा टांक्या होत्या आणि त्यांत मिळून पांच लक्ष लिटर पाणी होतें. त्या उन्हाळ्यांत आमच्या घरीं स्नानाचें पाणी धुण्यास, धुण्याचें पाणी फरशीस आणि फरशीचें पाणी मोरीस, असा एका बादलीचा चार आश्रमांतून प्रवास होई. हा क्रम लावून देणारी मावशीच होती. आज परिस्थिति तशी नाहीं. तरी रोज नळास पाणी येईलच असें गृहीत धरून कोणतेंही यंत्र आमच्या गांवीं घेतां येत नाहीं. शिवाय कूपनलिकेचें पाणी जड. त्यांतील चुना साबणाशीं संयोग पावून त्याचा सांका करतो. फेंस येत नाहीं, आणि पाणी तापविणाऱ्या नळीवर पांढरे थर बसतात. हे सर्व मुद्दे आम्हीं लिहून काढले, आणि इतकें असूनही पहिल्या जातीच्या यंत्राकडे, म्हणजे वाटोळ्या दाराच्या तीस हजार रुपयांच्या यंत्राकडे, आमचा कल झाला. त्याविषयीं वाचलें पुष्कळ होतें, आणि वाचलेलें वाया जावें हें आमच्या जिवास मानवत नाहीं.

आतां चुकीकडे वळतों. आम्हीं एका कागदावर खर्चाचा तक्ता मांडला. एका खालीं एक शीर्षकें लिहिलीं: यंत्राची किंमत, वीज, पाणी, साबण, मावशी. विजेपुढें 'किरकोळ' असें लिहिलें. साबणापुढें 'दोहींकडे सारखा'. मावशीपुढें 'धुण्याचे दरमहा ७००'. भांडीं आणि केरवारे यांचे पैसे वेगळे, ते चालू राहणारच होते. मग तीस हजारांस सातशेंनीं भागलें. त्रेचाळीस महिन्यांत यंत्राची किंमत वसूल होते, असें उत्तर आलें. तें उत्तर आम्हीं दोन रेघांमध्यें लिहिलें, पेन त्यावर ठेविलें आणि व्याख्यानास निघून गेलों. त्या दिवशीं आमचें व्याख्यान औद्योगिक क्रांतीनंतरच्या इंग्रजी कादंबरीवर होतें, हेंही येथें नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल.

दुसरे दिवशीं सकाळीं आम्ही टेबलाशीं बसलों असतां मावशी फरशी पुसावयास आली. पुसतां पुसतां ती टेबलाजवळ थांबली. मावशी सातवी शिकलेली आहे; तिला वाचतां येतें हें आम्हांस ठाऊक होतें, पण तें आमच्या ध्यानांत नव्हतें. ती म्हणाली, "सर, एक सांगू का? ते सातशे न्हाईत. दिवाळीपासून ताईंनी साडेसातशे केलेत."

आम्हीं कागदाकडे पाहिलें. वर साबण आणि खालीं मावशी. काय बोलावें तें आम्हांस सुचेना, म्हणून आम्हीं पेन उचललें, सातशें खोडून साडेसातशें केलें आणि "बरोबर आहे" असें म्हटलें. ती पुढच्या खोलींत निघून गेली. हात पेनावर होताच, तेव्हां संवयीनें पुन्हा भागाकार झाला. त्रेचाळीसचे चाळीस महिने झाले. मावशीनें जी चूक दाखविली होती ती दुरुस्त केल्यानें यंत्राचा पक्ष तीन महिन्यांनीं बळकट झाला होता. तिला हें कळलें असेल कीं नाहीं हें आम्ही सांगूं शकत नाहीं. एवढें खरें कीं आपली किंमत कोणी कमी लिहिली तर ती तशीच राहूं द्यावयाची नाहीं, हें तिला हिशेबापेक्षां महत्त्वाचें वाटलें.

त्या रात्रीं आम्हांस झोंप लागली नाहीं, असें लिहिलें तर तें वाङ्मयीन होईल. झोंप लागली, पण उशिरां. ह्या यंत्राविषयीं आम्हीं जें जें वाचलें होतें त्यांतील दोन गोष्टी तोंवर केवळ टिपणांत पडून होत्या, त्या आतां बोलूं लागल्या. स्वीडनमधील वैद्य व संख्याशास्त्रज्ञ हान्स रोझलिंग यांनीं २०१० सालच्या एका व्याख्यानांत आपल्या घरीं पहिलें धुण्याचें यंत्र आलें तो दिवस वर्णिला आहे. त्यांची आजी जन्मभर हातानें धुणें धूत आलेली. ती यंत्रासमोर खुर्ची टाकून बसली आणि शेवटपर्यंत पाहत राहिली. यंत्रानें वांचविलेल्या वेळांत आईनें आपणांस ग्रंथालयांत नेलें व पुस्तकें वाचून दाखविलीं, असें ते सांगतात. ही गोष्ट वाचून आमचें मन यंत्राच्या बाजूनें पूर्ण झालें होतें. दुसरी गोष्ट अमेरिकन इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांची. त्यांनीं १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं घरकामाच्या यंत्रांनीं कष्ट हलके केले तरी गृहिणीचा वेळ वांचलाच असें नाहीं. पूर्वीं जें धुणें परटिणीकडे जाई किंवा घरीं येणारी बाई धुई, तें यंत्र आल्यावर पुन्हा गृहिणीच्याच गळ्यांत पडलें; आणि कपडे धुणें सोपें झालें म्हणून कपडे अधिक वेळां मळूं लागले.

आम्हीं मनांतल्या मनांत तो तक्ता पुन्हा मांडला. वाटोळ्या दाराचें यंत्र आलें आणि मावशीचें धुणें बंद झालें, तर कपडे निवडणें, कॉलरी घांसणें, यंत्रांत भरणें, काढणें, झटकणें, दोरीवर घालणें, काढून घड्या करणें, हें सर्व कोण करणार? कागदावर त्यास शीर्षकच नव्हतें. भारत सरकारनें २०१९ सालीं लोकांच्या वेळाची पाहणी केली, तींत घरकाम करणाऱ्या स्त्रिया दिवसाकाठीं सरासरी २९९ मिनिटें विनामूल्य घरकामांत घालवितात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटें, असें आढळलें. आम्हीं स्वतःचीं मिनिटें मोजून पाहिलीं. देवपूजेसाठीं फुलें तोडणें हें घरकामांत धरलें तरी आम्ही सरासरीच्या पुष्कळ खालीं होतों. म्हणजे आमच्या साधकबाधक चर्चेचें फलित एवढेंच झालें असतें कीं एका बाईचे साडेसातशें रुपये बुडावे, दुसरीचें मनगट अधिक दुखावें, आणि आम्हीं सुधारणा केली म्हणून समाधान मानावें.

सकाळीं गृहिणीस हें सर्व सांगितलें. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "हे मावशींना विचारलंत का?" आम्हीं शेफरपासून कोवनपर्यंत सर्वांस विचारलें होतें, मावशीस विचारलें नव्हतें.

मावशीस विचारलें तेव्हां तिच्यापाशीं उत्तर तयारच होतें. मशीन घ्या, ती म्हणाली. ज्या दुसऱ्या घरीं ती कामास जाते तेथें तें आहे आणि ती तें चालविते. तिला अडचण धुण्याची नाहीं, बसण्याची आहे. उभ्यानें होईल असें कांहीं आणलें तर ती धुणें सोडावयाची नाहीं. "पण सर, घेताना मला संगं न्या," ती म्हणाली. "तुमी कागदावर बघून घेताल."

पुढच्या शनिवारीं आम्ही तिघें दुकानांत गेलों. दुकानांतील तरुण फार अदबीचा होता. त्यानें आम्हांस खुर्ची दिली आणि सर्व बोलणें आमच्याशीं चालविलें. फोनवरून चालणारें एक यंत्र दाखवून तो म्हणाला, "सर, तुम्ही कॉलेजात असलात तरी घरचं मशीन सुरू करता येतं." मावशीनें विचारलें, "मग त्याच्यात कपडे कोण टाकणार?" तरुण हंसला, पण उत्तर आमच्याकडे पाहून देऊं लागला. मावशीनें त्यास दुसरा प्रश्न केला: मध्येंच नळ गेला तर काय? यंत्र थांबतें आणि तसें आंकड्यांत दाखवितें, असें त्यानें सांगितलें. "ते तर मी बी सांगते," मावशी म्हणाली.

मग ती आमच्या आवडत्या वाटोळ्या दाराच्या यंत्रापुढें जाऊन उभी राहिली. दार उघडून आंत हात घालावयाचा तर तिला खालीं बसावें लागलें. एक गुडघा हातानें धरून ती बसली, दार उघडलें, लावलें, यंत्राचा आधार घेऊन उठली आणि आमच्याकडे वळून म्हणाली, "सर, ह्याच्यापुढं बी उकिडवंच बसायचं का?"

आम्हीं तीन आठवडे त्या यंत्राचा अभ्यास केला होता. त्याच्या पिंपाचे मिनिटाला होणारे फेरे, त्याच्या मोटारीची जात, तें थरथरूं नये म्हणून आंत बसविलेले कॉंक्रीटचे ठोकळे, हें सर्व आम्हांस पाठ होतें. त्याचें दार माणसाच्या गुडघ्यापाशीं असतें हें आम्हांस दिसलें नव्हतें. तरुणानें खालीं ठेवावयाच्या घडवंचीची गोष्ट काढली. मावशीनें ती ऐकून घेतली, पण पाण्याचे तिचे प्रश्न राहिलेच होते. बादलीनें पाणी ओततां येतें का? पांढऱ्या कपड्यांचें साबणाचें पाणी राखून त्यांत रंगीत कपडे काढतां येतात का? शेवटचें खळबळलेलें पाणी बादलींत धरतां येतें का? लुगडें आंत गुंततें का? नऊवारी गुंतूं नये म्हणून जाळीच्या पिशवींत घालावें, एवढें शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें. बाकीच्या तिन्ही प्रश्नांस 'होय' म्हणणारें यंत्र दुकानांत एकच जातीचें होतें, आणि तें कोपऱ्यांत मागच्या रांगेंत ठेवलेलें होतें. दोन पिंपांचें, सात किलोंचें, चौदा हजार रुपयांचें. मावशीनें उभ्यानेंच आंत हात घालून तळास बोटें टेकविलीं आणि गृहिणीकडे पाहून मान हलविली. गृहिणीनें आमच्याकडे पाहिलें. आम्हीं पैसे दिले.

परत येतांना रिक्षांत मावशी पुढें चालकाशेजारीं बसली होती. आम्हीं हळूच गृहिणीजवळ एक सूचना मांडली. आतां श्रम बरेच कमी होणार, तेव्हां धुण्याचे पैसे थोडे कमी केले तर, म्हणजे पांचशेंच्या आसपास, तर तें न्याय्य होईल कीं काय? ही सूचना आम्हीं केली नसती तर बरें झालें असतें. पण केली, आणि निबंधांत स्वतःस वगळून इतरांच्या चुका लिहिण्यास आमची लेखणी धजत नाहीं. गृहिणी म्हणाली, "आपण तिला कपडे धुण्याचे पैसे देत होतो. दगडावर बसण्याचे नव्हे." रिक्षाच्या आवाजांत हें मावशीस ऐकूं गेलें नसावें, अशी आमची आशा आहे. साडेसातशें कायम राहिले.

यंत्र येऊन आतां सात महिने झाले. परसांतील दगडाशेजारीं तें छपराखालीं उभें आहे. मावशी प्रथम कॉलरी आणि बाह्यांच्या कडा दगडावर ठेवून, उभ्यानेंच वांकून, ब्रशानें घांसते. मातोश्रींचा आक्षेप तिनें असा अमलांत आणला. मग पांढरे कपडे, त्याच पाण्यांत रंगीत, त्याच पाण्यांत पायपुसणीं. आणि उरलेलें पाणी मोरीस. २०१६ चा क्रम तिनें यंत्रास शिकविला आहे. पिळण्याचें काम यंत्राकडे गेल्यापासून गृहिणीचें मनगट पुष्कळ बरें आहे. मातोश्री आपलें लुगडें अजून स्वतःच्या हातानें खळबळतात. पण पिळण्यापुरतें तें यंत्रांत टाकूं देतात, आणि तें पिंप गरगर फिरूं लागलें म्हणजे पायरीवर बसून पाहतात. रोझलिंग यांच्या आजीची आम्हांस आठवण होते.

रविवारीं मावशीस सुटी असते. पूर्वीं ती नव्हती. यंत्र आल्यावर गृहिणीनें ती दिली. त्या दिवशींचें यंत्र आम्ही चालवितों. २९९ आणि ९७ ह्या आंकड्यांनंतर दुसरा मार्ग राहिला नव्हता. पहिल्या रविवारीं पाणी सोडण्याची नळी आम्हीं खालीं सोडण्यास विसरलों आणि कपडे त्याच गढूळ पाण्यांत तीन वेळां धुतले. त्या प्रसंगीं आम्हीं गृहिणीस गांधीजींच्या आत्मकथेंतील गोष्ट सांगितली. दक्षिण आफ्रिकेंत गांधीजी आपले कपडे आपण धुवूं व इस्त्री करूं लागले तेव्हां पहिली कॉलर घालून ते कोर्टांत गेले, आणि तिची खळ सुटून खालीं पडूं लागल्यामुळें इतर बॅरिस्टर हंसूं लागले. पुढें १९१२ सालीं गोखले तेथें गेले असतां न्यायमूर्ति रानड्यांनीं दिलेलें एक उपरणें त्यांच्यापाशीं होतें. तें जपून ठेवलेलें उपरणें समारंभासाठीं इस्त्री करावयाचें होतें. गांधीजींनीं तें मागितलें तेव्हां गोखले कांचरले. वकील म्हणून त्यांचा गांधीजींवर विश्वास होता, परीट म्हणून नव्हता. अखेर त्यांनीं तें दिलें, गांधीजींनीं उत्तम इस्त्री केली आणि गोखल्यांची पसंती मिळविली. गोष्ट ऐकून गृहिणी म्हणाली, "छान आहे. पण माझी सिल्कची साडी त्यात टाकू नका."

अर्थात् पसंती अद्याप दूर आहे. एवढी प्रगति मात्र झाली आहे कीं कोणत्या कपड्यास किती वेळ लागतो, कोणाचा रंग जातो, कोणाचा जात नाहीं, हें आतां आम्हांस कपड्यावरून कळूं लागलें आहे. आमच्या सदऱ्यांच्या कॉलरी इतक्या मळतात हें छपन्न वर्षांत आम्हांस ठाऊक नव्हतें. त्या मळत होत्या हें एका बाईस एकोणीस वर्षें ठाऊक होतें. तो हिशेबाचा कागद आम्हीं फाडला नाहीं. ज्या पुस्तकावरून औद्योगिक क्रांतीवरचें व्याख्यान देतों त्यांत तो ठेविला आहे. पुस्तक उघडलें म्हणजे खोडलेले सातशें आणि त्यावर लिहिलेले साडेसातशें दिसतात. व्याख्यानाच्या त्या भागापाशीं आम्ही अलीकडे थोडे थांबून बोलतों.

मागच्या रविवारीं आम्हीं सर्व यथासांग केलें. नळी सोडली, दोनदां खळबळलें, पिळलें, झटकून दोरीवर घातलें. सोमवारीं सकाळीं मावशी आली, परसांत गेली आणि दोरीवरचे सदरे एकेक करून पाहूं लागली. आम्ही खिडकींतून पाहत होतों. मग ती खिडकीपाशीं आली.

"सर," ती म्हणाली, "कॉलरी तशाच राहिल्यात."

आम्हीं "बरोबर आहे" असें म्हटलें, आणि या वेळीं पेन घेण्याचें कारण नसल्यामुळें ब्रश घेऊन परसांत गेलों.